आमचं घर म्हणजे अख्खं गाव

होमस्कूलिंग म्हणजे महानगरातल्या हौशी पालकांचं खूळ, असं आपण धरून चालतो. पण गडचिरोलीच्या जंगलात एका ग्रामसभेनं आपल्या पोरांचं शिक्षण स्वतःच्या हातात घेतलं. धर्म, भाषा आणि शाळेचा दाखला यांच्या मधोमध अडकलेली ही गोष्ट.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. माझं वय जेवढं, जवळपास तेवढीच त्यांची गडचिरोली जिल्ह्यातली नोकरी. त्यांच्या पहिल्या शाळेतला एक किस्सा आमच्या घरी इतक्यांदा सांगून झालाय की मला तो पाठ आहे. पहिलीचा वर्ग. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. बाबांनी छडीचं टोक आंब्याच्या चित्रावर ठेवलं आणि विचारलं, हे काय? सगळे पोट्टे एका सुरात ओरडले, "मरका!"

बाबा म्हणाले, "चूक. आ, आंब्याचा आ."

गोंडीत आंब्याला मरका म्हणतात. म्हणजे पोरांचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. चूक तक्त्याची होती, किंवा चूक कुणाचीच नव्हती. फक्त तो तक्ता या वर्गासाठी छापलेला नव्हता. पूर्वी बाबा हा किस्सा हसत सांगायचे, हल्ली सांगताना जरा ओशाळतात.

तो तक्ता आठवून बघा एकदा. ग गणपतीचा. य यज्ञाचा. ऋ ऋषीचा. शहरातल्या तरी कोणत्या पोरानं खराखुरा यज्ञ बघितलाय म्हणा! पण त्याच्या घरात यज्ञ म्हणजे काय हे सांगणारी आजी असते, टीव्हीवर मालिका असते. धानोरा किंवा भामरागड तालुक्यातल्या सहा वर्षांच्या पोरासमोर मात्र एकाच दिवशी नवी भाषा, नवी अक्षरं आणि नवे देव उभे राहतात. आणि त्याला आधीपासून येणाऱ्या तिन्ही गोष्टी "चूक" ठरतात.

हे सगळं आठवलं ते एका असाइनमेंटमुळे. पुरवणीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, धार्मिक कारणासाठी मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवणारे पालक. मी चंद्रपूर-गडचिरोलीकडची, म्हणून मला सांगण्यात आलं, तुझ्या भागात कुणी सापडतंय का बघ. मी मनात म्हटलं, आमच्याकडे? आमच्याकडे पोरं शाळेत टिकावीत म्हणून धडपड चालू असते, शाळेतून काढणारे कुठून मिळणार?

होमस्कूलिंग म्हटलं की

आपल्या डोक्यात होमस्कूलिंगची दोन चित्रं असतात. एक मुंबई-पुण्याचं. तिथलं सगळ्यात गाजलेलं नाव मालविका जोशीचं. मुंबईची ही मुलगी शाळा सोडून घरी शिकली, इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली. ज्यांना एवढी उंच उडी मारायची नसते, त्यांच्यासाठी मुक्त विद्यालय आहे, आपल्या बोर्डाचा सुप्रसिद्ध १७ नंबरचा फॉर्म आहे. या पालकांचं शाळेशी भांडण असतं ते मार्कांवरून, रटाळपणावरून. देवाधर्मावरून क्वचितच.

दुसरं चित्र अमेरिकेचं. तिथे धर्मासाठी घरी शिकवणं ही मोठी चळवळच आहे. शाळेत जे शिकवतात ते आमच्या श्रद्धेच्या विरोधात जातं, म्हणून पोरं घरी, असं सांगणारी लाखो ख्रिस्ती कुटुंबं तिथे आहेत.

आमच्या जिल्ह्यात मला यातलं एकही चित्र सापडलं नाही. सापडलं ते मोहगाव.

मोहगावचं गोटुल

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची शाळा सुरू केली. नाव ठेवलं पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. शिकवण्याची भाषा गोंडी. मराठी आणि इंग्रजीही शिकवायची, पण मुख्य भाषा गोंडी. महाराष्ट्रात अशी दुसरी शाळा नाही, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं.

आता कुणी म्हणेल, ही तर शाळा झाली. यात होमस्कूलिंग कुठंय? मलाही आधी तेच वाटलं होतं. पण त्या नावातला शेवटचा शब्द बघा. गोटुल. गोंड-माडिया गावात गोटुल म्हणजे गावाची सामाईक जागा. तिथे सभा भरते, पाहुणे उतरतात, तरुण पोरं-पोरी रेला नाचतात, भांडणं मिटवली जातात. आणि या सगळ्यातून लहान पोरं गावाचे नियम, गाणी, देव, नातीगोती शिकतात. कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, त्याचे प्रवर्तक पहांदी पारी कुपार लिंगो. गोटुलची सुरुवात त्यांनीच करून दिली, अशी श्रद्धा आहे.

(गोटुल म्हटल्यावर माझ्या कॉलेजातल्या काही मित्रांना एकच गोष्ट सुचते आणि ते डोळे मिचकावतात. व्हेरिअर एल्विन यांचं बस्तरच्या मुरियांच्या गोटुलवरचं पुस्तक १९४७ साली आलं. तेव्हापासून बाहेरच्या जगानं त्यातला तेवढाच भाग लक्षात ठेवलाय. असो.)

गोंडीत घराला कुठे रोन म्हणतात, कुठे लोन. गावाला म्हणतात नार. पण पोराला घडवण्याचं काम एकट्या रोनचं कधीच नव्हतं, ते नारचं होतं. त्यामुळे मोहगावच्या आईबापांनी पोरांना "घरी" शिकवायचं ठरवलं, तेव्हा ते घर गावाएवढं मोठं निघालं, इतकंच. आणि सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

सात देव आणि तेहतीस कोटी

इथे मला स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगायलाच हवी. पाचवीत माझ्या बाकावर एक गोंड मुलगी बसायची. कशावरून तरी देवांचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "आम्ही सात देवे." माझ्यासकट सगळा वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "बस सातच? आमचे तर तेहतीस कोटी आहेत!" त्यानंतर ती वर्षभर देवाचं नाव काढताना मला दिसली नाही.

ती काय सांगत होती, ते मला हा लेख लिहायला घेतल्यावर नीट कळलं. गोंडांमध्ये कुळं चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशा गटांमध्ये विभागलेली असतात. एकाच गटातले लोक एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. प्रत्येक कुळाचं स्वतःचं चिन्ह असतं, एखादं झाड, प्राणी किंवा पक्षी. त्याला त्या कुळानं इजा करायची नसते. कोया पुनेममध्ये अशी ७५० कुळं मोजतात, म्हणून गाड्यांच्या मागे, टी-शर्टवर तुम्हाला ७५० हा आकडा दिसत असेल. म्हणजे "आम्ही सात देवे" या तीन शब्दांत तिनं मला सांगितलं होतं की ती कोण आहे, तिचे नातेवाईक कोण, तिचं लग्न कुणाशी होऊ शकतं, कुणाशी नाही आणि जंगलातलं काय तोडायचं नाही. आम्ही आकड्यावर हसलो.

या धर्माला एकच एक ग्रंथ नाही. रविवारची प्रार्थना नाही, रोजची पूजा नाही. जे आहे ते गावात आणि जंगलात आहे. कुळाचे पेन, त्यांची ठाणी, गाणी आणि पंडुम. नवीन पीक, नवीन फळ हाती आलं की ते आधी देवाला द्यायचं, गावानं मिळून पंडुम करायचा आणि मगच खायचं. पेरणीआधी बियाण्याचा पंडुम. आंबा खायच्या आधी मरका पंडुम. तो होईपर्यंत पोरानं झाडाखाली पडलेला आंबा तोंडात घालायचा नाही. हा संयम तक्त्यावरून शिकवता येत नाही, त्यासाठी पोरगं त्या दिवशी गावात असावं लागतं.

आणि नेमकं तेव्हाच ते गावात नसतं. मोहाची फुलं पडतात मार्च-एप्रिलमध्ये. आपल्या वार्षिक परीक्षा कधी असतात? कचारगडची मोठी यात्रा भरते माघ पौर्णिमेला. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली ही गुहा म्हणजे कोया पुनेम मानणाऱ्यांचं मोठं तीर्थ. तेव्हा दहावी-बारावीवाले तोंडी आणि प्रॅक्टिकलच्या तयारीत असतात. शाळेचं कॅलेंडर कुणी मुद्दाम असं आखलं, असं मला म्हणायचं नाही. पण आखणाऱ्याला या सणांची नावं ठाऊक असतील का, याची शंका येते.

आश्रमशाळेत तर पोरगं सहाव्या-सातव्या वर्षीच घर सोडतं. दुर्गम पाड्यांसाठी आश्रमशाळा मोठा आधार आहेत, तिथे जेवण मिळतं, शिक्षक मिळतात, हे खरंच आहे. पण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता गावी येणारा मुलगा दहावीपर्यंत पोचतो, तोवर गावाचा धर्म त्याच्यासाठी पाहुण्यासारखा होऊन बसतो. त्याला रेलाचं गाणं अर्धवट येतं. आजीचं बोलणं कळतं, पण उत्तर तो मराठीत देतो.

यात आणखी एक गुंता आहे. शाळेत दसऱ्याची गोष्ट सांगितली जाते, रावण जळतो, सगळे टाळ्या वाजवतात. याच धानोरा तालुक्यातल्या परसवाडीत दसऱ्याला रावणाची पूजा होते, कारण तिथले गोंड त्याला आपला पूर्वज मानतात. गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेम यांच्यावर आयुष्यभर काम केलेले नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांचं मूळ नाव मोतीराम होतं, ते त्यांनी स्वतः बदललं. तुम्हाला हे पटो न पटो. प्रश्न एवढाच, की ज्या पोराच्या घरी रावणाला हात जोडतात, त्यानं वर्गात टाळ्या वाजवायच्या की नाही? अमेरिकेतल्या कुठल्याही धार्मिक होमस्कूलिंगवाल्या आईला हा प्रश्न लगेच समजेल.

शाळेच्या दाखल्यावर धर्माचा रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा काय लिहिलं जातं, ते सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत ठरलेल्या सहा धर्मांपलीकडे जाऊन "अन्य" मध्ये स्वतःचा धर्म गोंड किंवा गोंडी असा नोंदवणारे १० लाखांहून जास्त लोक होते, सरना लिहिणारे ४९ लाखांहून जास्त. गोंडी ही मातृभाषा सांगणारे तर त्याच जनगणनेत जवळपास ३० लाख. तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. एका बाजूला गोंडीसाठी १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी लिपी तयार केली, तेलंगणातल्या गुंजाळा गावात जुन्या लिपीतली हस्तलिखितं सापडली, दोन्ही लिपी आज युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे मोबाइलवर लिहिता येतात. आणि दुसऱ्या बाजूला आमच्या जिल्ह्यात त्या भाषेतली पहिलीची शाळा काढायला ग्रामसभेला पुढे यावं लागतं.

चंद्रपूरची गोष्ट तर आणखी गंमतीची. हे शहरच गोंड राजांची राजधानी. जटपुरा गेटवर हत्तीला पायाखाली दाबणारा सिंह कोरलाय, ते त्यांचं राजचिन्ह. रोज हजारो विद्यार्थी त्याच्याखालून शाळा-कॉलेजात जातात. चौथीत आम्ही वर्षभर शिवाजी महाराज शिकलो आणि मनापासून शिकलो. पण त्या वर्षभरात गोंड राजांचं नाव निघाल्याचं मला आठवत नाही. गेटखालून जाताना आम्ही त्या सिंहाला नुसता "वाघ" म्हणायचो.

एकाला सूट, दुसऱ्याला नोटीस

२०२२ मध्ये शिक्षण विभागानं मोहगावच्या शाळेला अनधिकृत ठरवलं आणि बंद करायची नोटीस दिली. आधार, २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्यातलं कलम १८ म्हणतं, मान्यता नसलेली शाळा चालवता येणार नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. तेंदूपत्ता, मोह आणि बांबूवर वर्ष काढणाऱ्या गावाला दिवसाला दहा हजार! ग्रामसभा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली.

इथे कायदा जरा नीट वाचू या, कारण खरी मेख त्यातच आहे.

याच कायद्याचं कलम १० सांगतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण घातलं नाही तर पालकाला दंड, असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणूनच पुण्या-मुंबईचे पालक पोरांना घरी शिकवतात आणि त्यांच्या दारात दिवसाला दहा हजारांची नोटीस येत नाही. म्हणजे एका घरानं आपलं एक पोरगं घरी शिकवलं, तर कायदा गप्प बसतो. चाळीस घरांनी मिळून एका छपराखाली आपली पोरं शिकवली, तर ती अनधिकृत शाळा. ज्या समाजात पोरं वाढवणं हे मुळात चाळीस घरांचं मिळून काम आहे, त्यानं काय करायचं?

आता दुसरं. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ज्या पालकांना पोरगं वेद शिकायला पाठवायचंय ते पाठवू शकतात, ज्यांना कुराण शिकवायचंय ते मदरशात पाठवू शकतात. ठीकच आहे, तो त्यांचा हक्क. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी प्रतिष्ठानचं तर वेद आणि संस्कृत शिक्षणाचं स्वतंत्र बोर्ड आहे आणि त्याच्या दहावी-बारावीला भारतीय विश्वविद्यालय संघानं बरोबरीची मान्यता दिली. कधी? २०२२ मध्ये. मोहगावला नोटीस आली तेच वर्ष.

मग गोटुल "मुख्यतः धार्मिक शिक्षण देणारी संस्था" आहे का? इथे ग्रामसभा कात्रीत सापडते. हो म्हणावं, तर तिथे गणित, मराठी, इंग्रजीही शिकवतात, सरळ अर्थानं ती धर्मशाळा नाही. नाही म्हणावं, तर मान्यता आणा. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्नच या लोकांचा नाही. धर्म एका पिशवीत, भाषा दुसऱ्या, जंगलाचं ज्ञान तिसऱ्या, अशी वाटणी त्यांनी कधी केलेलीच नाही. मरका पंडुम हा धर्म आहे की पर्यावरण शिक्षण? कायद्याला घर दिसतं, शाळा दिसते, मदरसा आणि पाठशाळा दिसते. गोटुल ही या सगळ्यांची मिळून बनलेली एकच गोष्ट आहे, म्हणून ती कायद्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ग्रामसभेची बाजू कच्ची नाही. संविधानाचं कलम २९ आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क देतं. कलम ३५०-अ म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे, इथे पेसा लागू आहे, रूढी-परंपरा जपण्याचं काम कायद्यानंच ग्रामसभेकडे सोपवलंय. कहर म्हणजे ज्या कायद्याखाली नोटीस आली, त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं. त्यातला "शक्य तिथवर" हा शब्द मात्र फार सोयीचा आहे.

धानोरा तालुक्याला हा अनुभव नवा नाही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं मेंढा-लेखा याच तालुक्यातलं. ऐंशीच्या दशकात मेंढ्याच्या लोकांनी बंद पडलेलं गोटुल पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि आपल्याच जंगलातलं सागवान आणून ते बांधलं. वनखात्यानं ते बेकायदा ठरवून पोलिसांच्या मदतीनं उतरवलं. त्यावर आजूबाजूच्या गावांनी मोर्चे-निवेदनांचं नाही, वेगळंच उत्तर दिलं. त्यांनी आपापल्या गावांत गोटुल बांधायला घेतली. पुढे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये मेंढा होतं. लाकडाचा प्रश्न सुटला. पोरांचा राहिला.

बाबा म्हणतात, दाखल्याचं काय?

हे सगळं मी बाबांना उत्साहानं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून विचारलं, "ते ठीक आहे. दाखल्याचं काय?"

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. आदिवासी पोराच्या आयुष्यात शाळेचा दाखला म्हणजे फक्त शिक्षणाचा कागद नसतो. जातीचं प्रमाणपत्र, त्याची पडताळणी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, सगळीकडे तो लागतो. पडताळणी समितीपुढे आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद सापडली तर सोनं. "आज ज्या पोराचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्याच्या नातवानं उद्या काय दाखवायचं?" बाबा म्हणाले. मी म्हटलं, शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात थेट प्रवेश देण्याची सोय आहे, नंतर १७ नंबरचा फॉर्म आहे. ते म्हणाले, "कागदावर आहे गं. तो फॉर्म भरायला तालुक्याला कोण नेईल, ते सांग."

दुसरी गोष्ट ते जरा हळू आवाजात बोलले. पट. गावातली दहा पोरं गोटुलात गेली, तर जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट दहानं खाली येतो. पट कमी झाला की शाळाच बंद करायची, हे आपण महाराष्ट्रात पाहिलंय. "उद्या गोटुल चाललं नाही, तर परत यायला शाळा शिल्लक पाहिजे ना?" ही भीती खोटी नाही. आणि हो, त्यात त्यांच्या नोकरीचाही प्रश्न आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

माझ्या मनात तिसराच प्रश्न होता. अमेरिकेत १९७२ मध्ये एक खटला गाजला, विस्कॉन्सिन विरुद्ध योडर. आमिश पंथाच्या तीन बापांनी आठवीनंतर पोरांना हायस्कूलात पाठवायला नकार दिला होता. तिथली शिकवण आमच्या साध्या, शेतीच्या, देवभिरू जगण्याच्या आड येते, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पाच-पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि बाप जिंकले. पण न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आपलं थोडं वेगळं मत नोंदवलं. त्यांचा मुद्दा असा, की आपण पालकांचं ऐकलं, सरकारचं ऐकलं, पण पोरांना कुणी विचारलं का? एखाद्या आमिश मुलाला पियानो वाजवणारा किंवा अंतराळवीर व्हायचं असेल तर?

मोहगावच्या एखाद्या मुलीला नर्स व्हायचं असेल, तर गोटुल तिला तिथवर नेईल का? मला वाटतं, आमिश आणि मोहगावमध्ये इथेच मोठा फरक आहे. आमिशांना बाहेरचं जग नको होतं, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मोहगावात मराठी आणि इंग्रजी शिकवतात. दार उघडं आहे, फक्त उंबरठा त्यांना स्वतःचा हवाय. पण ती दहावीला बसेल तेव्हा हातात कागद लागणारच, आणि तो देण्याची ताकद गावाकडे नाही, सरकारकडे आहे. म्हणून मला बाबांचा दाखल्याचा मुद्दा शाळा बंद करण्याचं कारण वाटत नाही. उलट मान्यता देण्याचं कारण वाटतो. वेद पाठ केलेल्या पोरासाठी बोर्ड काढता येतं, तर रेला पाठ असलेल्या पोरीसाठी का नाही? हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू अजून इंटर्न आहेस ना, म्हणून तुला सोपं वाटते." असेलही.

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं. गोटुल हवं की शाळा, हा वाद मुळात उभा राहिला तो शाळेनं गोंडी दारातच थांबवली म्हणून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं म्हटलंय. पण बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला गोंडी-माडियाचं साधं पंधरा दिवसांचं प्रशिक्षणही मिळत नाही, असा बाबांचा स्वतःचा अनुभव आहे. ते जे शिकले ते पोरांकडूनच. जिवतीच्या डोंगरावरच्या कोलाम पोड्यांवर गेलेल्या त्यांच्या एका मित्राची तीच तऱ्हा, तिथे कोलामी. दर काही वर्षांनी नवा शिक्षक येतो आणि आंब्यापासून सुरुवात करतो.

बाबांच्या आताच्या शाळेत गेल्या वर्षी नवा तक्ता आलाय, चकचकीत, लॅमिनेशन केलेला. आंबा अजून "आ" समोरच आहे. मात्र खाली, म मगरीच्या शेजारी, बाबांनी स्केचपेननं एक छोटा आंबा काढून ठेवलाय. लॅमिनेशनवर शाई टिकत नाही. दर सोमवारी तो पुसट झालेला असतो आणि दर सोमवारी कुणीतरी पोट्टा तो पुन्हा गिरवतो.